आबांच्या नावाची पत्रं

नाना आज सकाळी गेले, आणि त्यांच्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही.

खोटं कशाला बोलू?

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, पार्टनर. दोघांनी जळगावात कंपनी काढली. तेलगिरण्यांना आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांना मशिनचे पट्टे, बेअरिंग, ग्रीस पुरवायची.

मी शाळेत जायच्या आधीच आबा वारले.

पुढे कंपनीच्या कॅलेंडरवर एकच फोटो यायचा. नानांचा. खाली ‘संस्थापक’.

आई तेवढा फोटो कात्रीने कापायची, मग कॅलेंडर टांगायची.

गेल्या दिवाळीत नानांचा मुलगा प्रकाशदादा म्हणाला, “कंपनीचा इतिहास लिहून दे, पुस्तिका काढायची आहे.”

मी लगेच हो म्हटलं. मला जुने कागद बघायचे होते.

गोडाऊनमध्ये पत्रं तारेत ओवून ठेवलेली. सगळ्यात जुनं तळाशी. अमळनेरच्या गिरणीचं कार्ड होतं: ‘आबासाहेब, पट्टा बसवायला आपण स्वतः यावे.’

वाचून बरं वाटलं.

मग वर वर सरकत गेले आणि हात थांबला.

आबा गेल्यानंतरचीही पत्रं होती. धरणगावची, धुळ्याची. सगळी आबांनाच. ‘आपले पत्र मिळाले, आबासाहेब.’

कुणी लिहिलं होतं यांना?

शेजारी कार्बन कॉप्या होत्या. खाली सही आबांची, अक्षर नानांचं.

म्हटलं, सापडले नाना!

तशीच नानांच्या घरी गेले. कॉपी पुढे धरली. “ही सही कुणी केली?”

“मी.” चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“मेलेल्या माणसाच्या नावाने?”

“गिरणीवाला तुना बापले वळखेत. माले कोन वळखे? दुकानच बंद व्हई जातं.”

आपल्याकडे माणूस गेला की गिऱ्हाइकांना कोपरा फाडलेलं कार्ड जातं. आबांचं कार्ड नानांनी कुणालाच धाडलं नव्हतं.

“धुळं काय अमेरिकेत आहे? कुणालाच कळलं नाही?”

“कळनं व्हई. कोनी पुसं नही.”

“आणि कॅलेंडरवर आबांचा फोटो का नाही?”



“आबाना फोटो लावतू तं हार बी लावना पडता, बेटा.”

मी कॉपी घडी करून पर्समध्ये ठेवली. पण घरी येताना रिक्षात वाटलं, उत्तर जरा जास्तच तयार होतं.

त्या गिरण्या कधीच बंद पडल्या. मग नंतर का नाही लावला फोटो? हे विचारायचं राहिलं, आणि आता कुणाला विचारू?

एवढं मात्र खरं, की नाना नसते तर आबांची सही आबांबरोबरच संपली असती.

आज दुपारी प्रकाशदादा म्हणाला, “ग्राहकांच्या ग्रुपवर टाकायला मेसेज लिही.” मी लिहिला. वाचून म्हणाला, “आबांचं कशाला आता?”

म्हणून तोच मेसेज इथे खाली टाकतेय.

नाना, तुमच्याशी भांडण बाकी आहे. आणि तरी सकाळपासून डोळे थांबत नाहीत. सुखाने जा.

आमच्या सर्व जुन्या ग्राहकांस,

कंपनीचे एक संस्थापक, आमचे नाना, आज सकाळी आपल्याला सोडून गेले.

दुसरे संस्थापक, माझे आबा, पूर्वीच गेले.

कळवायला उशीर झाला.