दोन घणांचा आवाज

लग्नात मंगळसूत्र बांधताना यांचा हात थरथरला आणि शेवटी गाठ नणंदेनं मारली. "एवढा मोठा घणकरी, अन् बायकोला भ्याला!" म्हणून मी यांना वर्षभर चिडवलं. हे नुसते हसायचे. माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. माहेरच्या, मोशीच्या पाण्याचा गुण म्हणा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमचं बिऱ्हाड दापोडीला, कारखान्याच्या भिंतीला लागून. पलीकडे लोहारशाळा. तिथं मिस्त्री लहान हातोडीनं तापलेल्या लोखंडावर जागा दाखवायचे आणि दोन घणकरी आळीपाळीनं घाव घालायचे. त्यातले एक हे, दुसरे यांचे जोडीदार. रोज सकाळी मी निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून यांचा उजवा खांदा शेकायची, तेल चोळायची. खांदा जरा मोकळा झाला की हे कामावर जायचे. माझ्या हातगुणानं नवरा उभा राहतो, याचा मला भारी तोरा होता.

एकदा भांडी घासताना माझे कान पलीकडे लागले. माहेरी मी आणि चुलती एकाच उखळात दोन मुसळांनी कांडायचो. एकीचे हात भरून आले की दुसरी तिच्या वाटचे घाव घालायची. दोन मुसळांचा आवाज वेगवेगळा पडतो, आणि एकच मुसळ चाललं तर ते घरातल्या म्हातारीलासुद्धा कळतं. भिंतीपलीकडून एकाच घणाचा आवाज येत होता. तीन दिवस मी ऐकलं. जोडीदार दोघांचे घाव घालत होता.

मी यांना सरळ विचारलं.

"गप ऱ्हा," हे म्हणाले. "सायबाला कळलं तर घण जाईल, अन् घणाबिगर मला कामावर कोन ठेवतंय? तू शेकत ऱ्हा, बास."

मी शेकत होते म्हणून तर तो हात रोज कामावर जात होता, आणि रोज थोडा थोडा निकामी होत होता. त्यात जोडीदाराचाही खांदा जाणार. मी कुणाला न विचारता कारखान्याच्या फाटकाशी गेले आणि म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळं सांगितलं.

"मला काय ऐकू येत न्हाई व्हय, पोरी?" ते म्हणाले. "त्यानं सोताहून सांगावं म्हून वाट बघत हुतो."

त्यांनी साहेबांशी बोलून यांना हत्यारं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसवलं. काम राहिलं, पण घण गेला. हे माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. शेकायला बसले नाहीत. टोपीसुद्धा माझ्याकडे पाठ करून घालायचे.

नवव्या दिवशी यांनी टोपी माझ्यापुढे धरली. "घाल. हात वर जात न्हाई."

मी घातली. विचारलं, "कवापासनं?"

हे माझ्या गळ्याकडे बघत राहिले. "लगनाच्या आदीपासनं. म्हून तर गाठ बसंना."

मला रडू फुटलं. यांनी डाव्या हातानं माझे डोळे पुसले. तो उजवा हात पुढे कधीच खांद्याच्या वर गेला नाही. यांच्या डोक्यावर टोपी शेवटपर्यंत मीच घातली. बाकी सगळ्यावरून यांना चिडवलं, त्या गाठीवरून पुन्हा नाही.