कडंच्या घरातला हत्ती

त्या दिवशी घरात चारच मानसं व्हती. मी, आमचे हे, आमची लेक, आन औरंगपुऱ्यात घड्याळं दुरुस्त करनारे चाचा. पाचवं कोनी नव्हतं. जे झालं ते मी केलं. बाकी तिघांना कळलं नाय.

मी दुसरी शिकलेली. मी सांगते आन लेक लिहून घेते.

आमचे हे कंपनीत असताना जेवनाच्या सुट्टीत बुद्धिबळ शिकले. चाचा त्यांचा तिथलाच दोस्त, तवा तेबी कंपनीतच व्हते. मंग कंपनी बंद पडली. चाचांनी घड्याळाचं दुकान धरलं. ह्यांना कायमचं काम परत लागलं नाय. मी पुंडलिकनगरातल्या पोरांच्या मेसवर पोळ्या लाटल्या, मनगट धरून बसंस्तवर. त्याचं काय सांगायचं, समद्यांचंच तसं असतं. पन ह्यांचा खेळ सुटला नाय.

म्हातारपनी लेकीनं एक जुना कॉम्प्युटर आनून दिला. त्यात दोन मशीनीच एकमेकींशी खेळायच्या. मानूस कोनीच नाय. मी म्हनले, "आवो, कोनी खेळतच नाय, तर बघता काय?"

"मशीनला भूक नाय, भ्याव नाय," हे म्हनले. "ती चुकली तर निस्ती खेळात चुकती. ती चूक धरायची मला."

अर्धा खेळ झाला तरी हे चहा पीत बसायचे. वजीर, घोडे, उंट समदे मेले, पटावर दोन राजे, दोन हत्ती आन एखादं प्यादं उरलं, की मंग खुर्ची म्होरं ओढायची. वहीत जाड पेनानं चौकटी काढायच्या आन कोन कुठं हाय ते मांडायचं. असल्या वह्या लई झाल्या.

मंग साखरेनं डोळे नेले. आधी कॉम्प्युटर दिसंना, मंग वही. शेवटाला बोटं फिरवून सोंगट्या वळखायचे. इन्सुलिनच्या सुईवरच्या रेघा मी मोजायची. माझ्या डोळ्यांवर त्यांचा लई भरोसा व्हता.

डोळे पार जायच्या आधी त्यांनी एक डाव वहीत उतरवून ठिवला व्हता. पांढऱ्याकडं राजा, हत्ती आन एक प्यादं. काळ्याकडं राजा आन हत्ती. त्यात काळं मशीन हारलं. हे म्हनले, "हारायला नको व्हतं. काळा वाचतो. मशीन चुकलं."

चाचा हसले. "भाई, मशीन कू गलत बोलते? पैले चष्मा बदलो."

"चष्म्याला डोळे लागतेत, चाचा. तुला बोटानं दाखवतो. जयंती झाली की ये."

खिडकीजवळच्या टेबलावर त्या पाच सोंगट्या मांडल्या. समद्यांना सांगितलं, हात लावायचा नाय. जन्मभर त्यांनी दुसरं काय मागितलं नव्हतं.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आमच्यात घराला चुना देतेत. लेक भिंती रंगवत व्हती, चाचा चहा पीत बसले व्हते, हे न्हानीत व्हते. पटावर चुन्याचे ठिपके पडले. मी सोंगट्या उचलल्या, पट पुसला आन परत ठिवल्या. मला वाटलं, पाचच तर हायेत.

हे आले, बसले, बोटं फिरवली. काळ्या हत्तीवर बोट थांबलं.

"अगं, हा हत्ती इथंच व्हता का?"

माझ्या हातात ओला फडका व्हता. मला खात्री नव्हती. पन चाचा समोर, लेक समोर. बोलनी खायची लाज वाटली.

"व्हय," मी म्हनले, "इथंच व्हता."

"मंग मीच इसरलो," म्हनले, आन बोट काढलं.

त्याच्या म्होरं रोज तेच. चहा झाला की बसायचे, हत्ती सरकवायचे, राजा सरकवायचे, परत मांडायचे. काळा रोज हारायचा. जेवन कमी झालं. जयंती झाली, चाचा आले. हे म्हनले, "चाचा, मशीन बरोबर व्हतं. माझं डोकं बी गेलं आता डोळ्यांमागं."

त्या दिवशी चाचांनी थट्टा केली नाय. ह्यांनी सोंगट्या बिस्कुटाच्या डब्यात भरल्या. डबा परत उघडला नाय. म्हैन्याभरात हे गेले.

लई दिसांनी मी वह्या बांधायला काढल्या. शेवटची उघडली. मला वाचता येत नाय धड, पन चौकटी तर दिसत्यात. काळा हत्ती पार कडंच्या रांगेत काढलेला. मी ठिवला व्हता त्याच्या एक रांग आत.

वही आन डबा पिशवीत घातला, रिक्षा केली, क्रांती चौकावरून चाचांच्या दुकानात गेले. चाचांनी घड्याळं बाजूला सारली, वहीत बघून डाव मांडला. लई येळ बसले. मंग मला कळंल असं सांगितलं. हत्ती कडंला असला की लांबून शह देत राहतो. पांढरा राजा त्याला हाकलायला जातो, तवर प्यादं मागं एकलं पडतं आन हत्ती ते खातो. एक घर आत असला की राजा लवकर पोचतो. मंग काय नाय उरत.

"भाई सही थे, भाबी," चाचा म्हनले. "फिर उनो हार कायकू मान लिये?"

"म्हाईत नाय," मी म्हनले. परत खोटं बोलले.

आत्ता हे सांगताना लेकीचा हात थांबला. माझ्याकडं बघितलं नाय तिनं. "आई, हे बी लिहू?"

"लिही. मंग चाचांना वाचून दाखव."

लिहिलेल्या कागदाच्या खाली तिनं डाव बी काढलाय, वहीतल्यासारखाच. वाचनाराला येवढंच मागनं हाय. घरात पट असंल तर त्या पाच सोंगट्या मांडा. काळा हत्ती कडंलाच ठिवा. एकदा खेळून बघा. काळा वाचला, की जे कोनी जवळ असंल त्याला सांगा, हे एका आंधळ्या मानसानं आधीच बघितलं व्हतं.