लघवीच्या दुखण्यानं गेला

"बाहेर कुठं तोंड मारतो का गं तुझा नवरा?"

रोडपालीतल्या दवाखान्यात डॉक्टरनं मला विचारलं. मला. नवरा शेजारीच बसला होता, एका बाजूवर भार देऊन. नीट बसताच येत नव्हतं त्याला. दार सताड उघडं. बाहेर बाकावरचं कुणीतरी हसलं.

"तुम्हा लोकांत चालतंच हे," डॉक्टर म्हणाला.

मी मासळी विकते. अंगाला वास येतो. तेवढ्यावर त्यानं आम्हाला ओळखलं. नवऱ्याला हात लावला नाही, लघवी तपासायला सांगितली नाही. तापाच्या गोळ्या दिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत कंत्राटी कामाला. सारखी लघवी लागायची. जळजळ. धार बारीक, तुटक. कंबर धरलेली, आणि बसायच्या जागी, मांड्यांच्या मधोमध ठणका. मग हुडहुडी भरून ताप.

"पनवेलला दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊ," मी म्हणाले.

"नाय. परत कुनाला नाय सांगनार." मग म्हणाला, "तुला पन तसंच वाटतं काय?"

"नाय वो."

भिंतीकडं तोंड करून रडला. एवढा मोठा बाप्या.

मग लघवीच अडली. बरळायला लागला. रिक्षात घालून पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते पुरुषांना. तिथं जंतूंची लागण झाली, ती रक्तात पसरलीय. कुणालाही होऊ शकते. लवकर औषध मिळायला हवं होतं."

त्याला घरी आणला तो शववाहिकेतून.

दहाव्याला मोठे दीर जवळ आले. हळूच म्हणाले, "कुनी इचारलं तर नुसता ताप सांग. घराची अब्रू हाय."

अब्रू. तिच्यापायीच तर तो गप्प राहिला, आणि गेला.

मी उठले. सगळ्या बाप्यांसमोर उभी राहिले.

"लघवीच्या दुखन्यानं गेला माझा नवरा. त्यानं काय पाप नाय केलं. थंडीताप, लघवीला जलन, खाली ठनका, असं कुनाला होत असंल तर लपवू नका. लघवी अडली तर घरात बसूच नका."

दीर उठून गेले. अजून माझ्या उंबऱ्याला आले नाहीत.

नका येऊ. मी बाजारात बसूनही हेच सांगते. बाया तोंडाला पदर लावतात, बापे दुसरीकडं बघतात. मी सांगतेच. आणि कुठल्या डॉक्टरनं माझ्या घरातल्या कुणाबद्दल परत तसलं विचारलं, तर त्याला म्हणेन, आधी तपास. तपासल्याबिगर मी हलणार नाही.