घड्याळ काढून ठेवणारे साहेब

की-बोर्डला हात लावण्याआधी साहेब मनगटावरचं घड्याळ काढायचे, मॉनिटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "व्हा बाजूला, बघतो मी." सर्जनसुद्धा इतक्या थाटात हातमोजे चढवत नसतील. त्यांनी एकदा बघितलं की पुढचे दोन दिवस आम्हाला बघत बसावं लागायचं.

तुमच्याही ऑफिसात असा एक नग असेलच. आमच्या वाट्याला आले ते प्रोजेक्ट लीडर म्हणून. कोथरूडला एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची सात जणांची सॉफ्टवेअर कंपनी होती. अमेरिकेला जायच्या रांगेत तेव्हा अर्धं पुणं उभं होतं, आणि रांगेत मागे पडलेले आमच्याकडे होते. साहेबांनी कुठलासा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून खुर्चीमागे लावलं होतं. उदबत्ती तेवढी लावायची बाकी होती. कुठलीही अडचण सांगा, ते म्हणायचे, "लॉजिक सोपं आहे." ते काय आहे, हे मात्र चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

शहरातल्या एका रक्तपेढीसाठी आम्ही प्रोग्रॅम केला होता. त्यात रक्तदात्यांची नावं, फोन आणि रक्तगट होते. या नोंदी स्क्रीनवरून थेट बदलता येत नसत. मी डेटाबेसच्या आतच छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवले होते. त्यांना स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. स्क्रीन त्यांना फक्त निरोप द्यायची, की अमुक नंबरच्या दात्याचा अमुक बदल करायचाय. प्रोसीजर आधी तपासायची, मग बदलायची आणि कोणी काय बदललं ते नावानिशी लिहून ठेवायची. रक्तगट बदलायचा तर डॉक्टरांचा पासवर्डही मागायची. साहेबांना याचा मनस्वी कंटाळा. "एका ओळीच्या कामाला तुम्ही सत्यनारायण घालता," असं ते मला म्हणायचे.

रक्तपेढीत नोंदी करायला शैलाताई होत्या. लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायच्या. सहा महिन्यांच्या तात्पुरत्या ऑर्डरवर होत्या आणि कायम व्हायला तीन आठवडे उरले होते. कॉम्प्युटरवर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. दुर्मिळ रक्तगटांच्या दात्यांचे फोन त्या एका वहीतही उतरवून ठेवायच्या. साहेब त्या वहीला हसायचे.

एका दुपारी साहेब एकटेच तिकडे पाहणीला गेले. एका दात्याचा रक्तगट चुकीचा पडला होता, डॉक्टर जागेवर नव्हते, त्यामुळे प्रोसीजर अडून बसली. घड्याळ निघालं. "व्हा बाजूला, बघतो मी." प्रोसीजरला वळसा घालून साहेबांनी बदलाची ओळ थेट चालवली. बदल नेमका कोणत्या दात्याचा, ही अट घालायची मात्र राहिली. एका क्षणात सगळ्या रक्तदात्यांचा रक्तगट एबी पॉझिटिव्ह झाला. साहेबांनी घड्याळ चढवलं, चहा घेतला आणि स्कूटरला किक मारून निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. कॉम्प्युटर म्हणाला, असा एकही दाता नाही. शैलाताईंनी वही काढली, फोन फिरवले आणि अकराच्या आत दोन दाते आणून बसवले. बाई वाचली. आम्ही बॅकअपवरून नोंदी परत आणल्या. मग हे केलं कोणी, असा प्रश्न निघाला.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये साहेब म्हणाले, "ऑपरेटरकडून होतं असं. ट्रेनिंग कमी पडतं."

"म्या नाय केलं, सर," शैलाताई म्हणाल्या. "साहेबांनीच मला खुर्चीवरनं उठवलं व्हतं."

"ताई, मी नुसता स्क्रीन बघत होतो," साहेब अगदी मायेनं म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अहो, तुमची ती प्रोसीजर नोंद ठेवते ना? त्यात कोणाचं नाव आहे?"

"कोणाचंच नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं, आणि नाव नसणं हाच पुरावा होता. शैलाताईंच्या स्क्रीनवरून काहीही झालं असतं तर त्यांचं नाव उमटलंच असतं. प्रोसीजर टाळून आत शिरायचा पासवर्ड दोघांकडेच होता, साहेबांकडे आणि माझ्याकडे. हे पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण परदेशी पाठवायच्या यादीत माझं नाव साहेबांच्या सहीनं जायचं होतं. मी वाक्य गिळलं. शैलाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला काय माहीत आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण काहीतरी माहीत आहे हे त्यांनी ओळखलं होतं. साहेबांचा तिरस्कार मी आधीपासून करत होतो. त्या दिवसापासून स्वतःचाही करू लागलो.

शैलाताईंची ऑर्डर वाढवली नाही. जाताना त्या वही टेबलावर ठेवून गेल्या. "ऱ्हाऊ द्या हितं, कुणाला तरी लागंल," एवढंच म्हणाल्या. परदेशाची यादी पुढे रद्दच झाली.

साहेब वर्षभरात हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत गेले, अर्थातच वरच्या जागेवर. निरोपाच्या दिवशी समोसा संपवून त्यांनी भाषण केलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. हा माणूस कधी खोटं बोलत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ऑफिसतर्फे त्यांना भेट म्हणून एक घड्याळ दिलं. लक्ष्मी रोडला जाऊन मीच ते निवडून आणलं होतं.