नाडीमामांचा संशय

बादली स्वतः धुतलेली, पाणी स्वतः भरलेलं, तरी नाडीमामा ते घोड्यापुढे ठेवण्याआधी नाकाशी नेऊन हुंगायचे. "मामा, तुम्हीच भरलीत ना आत्ता?" असं विचारलं की म्हणायचे, "भरली मी. पण मगे पाठ कोणी फिरवली? मीच ना?"

आयुष्यभर त्यांनी एका जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर भांडुपहून रोज उठून ते बोरिवलीपलीकडे गोराईच्या बाजूला आमच्या तबेल्यात यायचे. डोळे मिटून, स्टेथोस्कोप लावून घोड्याचे ठोके मोजायचे, म्हणून नाडीमामा. मी मुलुंडची, नोकरी अंधेरीत, आणि शनिवार-रविवार चिंगी नावाच्या तांबूस घोडीवर. लांब पल्ल्याच्या शर्यती मला मामांनीच शिकवल्या.

या शर्यतीत नुसतं धावून भागत नाही. दर टप्प्याला घोडा तपासतात. ठोके मिनिटाला चौसष्टच्या आत आले की मगच तुमची वेळ धरतात, आणि दुडक्या चालीत जरा जरी लंगडला तरी घोडा बाद. मामा म्हणायचे, "घोडी पोचली म्हणजे तू पोचलंस असा नाय गो. तिचा काळीज शांत झाला, मगे तू पोचलंस." म्हणून ते मला टप्प्याच्या शेवटी खाली उतरून चालायला लावायचे. पुढे गेलेले धापा टाकणारे घोडे घेऊन ताटकळत उभे असायचे, आणि आम्ही मागून येऊन आधी सुटायचो.

गोड बोलणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "गोड बोलणाऱ्याच्या घोड्याचो पाय बघ," हे त्यांचं ठरलेलं. अंधेरीचा रोहन, आमच्याच शर्यतींतला स्वार, दिसेल त्याला मिठी मारायचा. एका शर्यतीत त्याच्या घोड्याच्या पायाला पट्टी दिसली. आत दुखणं दाबायची सुई टोचली असणार, असं म्हणत मामांनी ती सगळ्यांसमोर सोडायला लावली. आत माशी चावल्याची गांधी निघाली. लोक हसले. मामांनी रोहनपुढे हात जोडले, "माझा चुकला." आणि लगेच, "पण पुढच्या वेळेक परत बघतलंय."

पुढची वेळ म्हणजे नाशिककडची साठ किलोमीटरची शर्यत. तपासणीचा एक माणूस आला नव्हता, म्हणून घोडे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मामांना मदतीला घेतलं. त्यांनी अट घातली, आमच्या तबेल्याच्या घोड्यांना हात लावणार नाही. दुसऱ्या टप्प्याला मी पहिली आले. मामांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून बाईंच्या हातात दिला. मला म्हणाले, "आज माझे कान तुझ्या बाजून ऐकतले."

"बासष्ट," बाई म्हणाल्या. मातीवर चिंगीला दुडकी पळवली. बाईंनी मान हलवली, ठीक. मी रिकिबीत पाय घालणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "डॉक्टर, मागचो डावो. कडक जमिनीर पळवा परत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आपलाच माणूस!

डांबरावर चिंगी स्पष्ट लंगडली. बाद. शर्यत रोहनने जिंकली.

"माझ्यावर संशय घेतलात, मामा?" मी ओरडलेच.

"तुझ्यार नाय गो. तुका जिंकूचा होता ना, त्याच्यार."

परत आल्यावर तबेल्यात कुजबुज सुरू झाली. "मामाला अंधेरीवाल्याने फोडला असणार यार," कुणीतरी माझ्यासमोर म्हणालं. मी गप्प बसले. तेव्हा मला ते खरं वाटत होतं, किंवा खरं असावं असं वाटत होतं. ती कुजबुज मामांच्या कानावर गेली. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही, यायचेच बंद झाले.

चिंगीची शीर ताणली गेली होती. आणखी एक टप्पा पळाली असती तर पाय कायमचा गेला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चार महिने मी तिला हाताने फिरवत होते आणि रोज एकच गोष्ट आठवत होते. त्या टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरला खोगिरात मला एक बारीक हिसका जाणवला होता. दगड असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

मामा मुलीकडे कणकवलीला कायमचे निघालेत असं कळलं, तेव्हा मी भांडुपला गेले. खोलीत दोरीने बांधलेली खोकी होती. चहा होईपर्यंतही मला धीर धरवला नाही. "मामा, मला कळलं होतं. घोडी बिघडलीय हे. आणि तबेल्यात लोक बोलत होते तेव्हा मी तोंड उघडलं नाही."

मामांनी खोक्याची गाठ आवळली. "पयला माका ठावक होता," ते म्हणाले. "दुसरा नाय. दुसरा वायट केलंस."

चहा आला, तो आम्ही प्यालो. मग त्यांनीच विचारलं, "घोडी कशी आसा?"

मी फोनवर चिंगीचा दुडक्या चालीचा व्हिडिओ लावला. त्यांनी तो तीनदा पाहिला, शेवटी नाक जवळजवळ काचेला लावून. "आजचो ना ह्यो? की आधी पाय बरो होतो तेव्हाचो?"

मी तारीख दाखवायला बोट पुढे केलं. त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"तारीख नको. तू सांग."

"आजचाच, मामा. सकाळचा."

त्यांनी मान डोलावली आणि फोन माझ्या हातात दिला.