गार पायाला शेक

महाजनांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता, पण मला जास्त खटकला तो टाचेवरचा फोड. चांगला पुरीएवढा. महाजन बऱ्हाणपुरातच कपड्याच्या दुकानात सेल्समन. घर लोधीपुऱ्यात, वय पन्नाशीचं, शुगर होती आणि बिडी तरुणपणापासूनची.

पावलाच्या वरच्या बाजूला एक नाडी लागते. ती लागेना. घोट्यामागचीही लागेना. डॉप्लर लावला, म्हणजे रक्त वाहण्याचा आवाज यंत्रावर ऐकला. घोट्याजवळ जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही.

चालताना पोटरी भरून यायची, थांबलं की बरं वाटायचं. असं बरेच महिने चाललेलं. पुढे पाऊल गार पडू लागलं. मग त्यांच्या पत्नी, लताताई, रोज गरम पाण्याची पिशवी टाचेखाली ठेवू लागल्या. हे त्यांनीच मला सांगितलं, एकदाही चुकवलं नाही म्हणाल्या.

शुगरमुळे पाय बधिर होतो, भाजलेलं कळत नाही. आणि रक्त पोचत नसेल तर भाजलेलं भरूनही येत नाही.

लताताई रिपोर्ट आणायला बाहेर गेल्या तेव्हा महाजनांनी विचारलं, फोड शेकामुळेच ना. मी हो म्हणालो.

"तिला सांगू नका साहेब. बिडीचं सांगा. ते बी खोटं नाहीच."

खोटं नव्हतंच. नसा बिडीने आणि शुगरने खराब केल्या होत्या. लताताईंना मी एवढंच सांगितलं की शेक बंद करा, मोजे घाला.

त्यांना इंदूरला पाठवलं. तिथे फुगा घालून रक्तवाहिनी मोकळी केली, ती पुन्हा बंद झाली. नुसता अंगठा गेला असता तर महाजन चालले असते. टाचेची जखम हाडापर्यंत गेली. शेवटी पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ऑपरेशन मीच केलं.

टाके काढले त्या दिवशी लताताई एकट्याच केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"डॉक्टरसाहेब, मी शेक देत होते, त्यानं झालं का?"

"बिडीनं झालं, ताई."

त्या म्हणाल्या, "ह्यांनी बी अगदी असंच सांगितलं." आणि निघून गेल्या.

महाजनांनी बिडी सोडली. आता डावं पाऊलही गार असतं. लताताई त्याला हात लावत नाहीत, असं ते मागच्या तपासणीला म्हणाले.

शुगरवाल्यांना मी पायाची नाडी तपासून घ्यायला सांगतोच. शेक देऊ नका, हे मात्र आता आधी घरच्यांना सांगतो, पाय चांगला असतानाच.