हुडकेश्वरचे श्री. प्रतिनिधी

देवाजी सव्वीस वर्षं हुडकेश्वरच्या बातम्या देत होता आणि आमच्या दैनिकात त्याचं नाव एकदाही छापून आलं नाही. पगारी नसलेल्या, मानधनावरच्या वार्ताहराचं नाव द्यायचं नाही, वर नुसतं ‘प्रतिनिधी’ लिहायचं, हा नियम; असे चौदा ठिकाणी चौदा वार्ताहर. मी मुद्रितशोधक. त्याचं नाव खोडायचं काम माझं, आणि ते मी निमूट केलं. थू माझ्यावर.

मागच्या वर्षी दिल्लीच्या एका संस्थेची माणसं आली. कुठल्या भागात स्थानिक बातमी जिवंत आहे, कुठे मेली, याचा अभ्यास म्हणे. एसीत बसून आमचे वर्षभराचे अंक संगणकात कोंबले. देवाजी रोज सकाळी सायकलनं नव्या वस्त्यांचे लेआउट पालथे घालतो, गटाराचं उघडं गडर दिसलं की उतरून बघतो. ते बघायला एकही शहाणा हुडकेश्वरला फिरकला नाही.

अहवालात लिहिलं होतं, ‘श्री. प्रतिनिधी हे एकच बातमीदार चौदा ठिकाणांहून रोज सक्षमपणे बातम्या देतात.’ असं आडनाव असतं खरं. तेवढं त्यांना पुरलं. संपादक गोपाळरावांनी तोच कागद मालकापुढे धरला. एकावर भागतं, मग चौदा कशाला? हुडकेश्वरच्या बातम्या बंद. आणि गोपाळरावांना खरं काय ते चांगलं ठाऊक होतं! मला चीड येते ती याची.

देवाजीनं संस्थेत फोन लावला. दिपाली नावाच्या बाईंनी उचलला.

“मॅडम, प्रतिनिधी हे कोनाचं नाव नोहे. थो मीच आहो.”

“अच्छा? पुढच्या अहवालात दुरुस्त करू. तीन वर्षांनी.”

“तवापर्यंत इथलं कोन लिहीन?”

“काळजी करू नका, तुमच्या भागाला ‘उत्तम’ शेरा आहे,” म्हणत बाईंनी फोन ठेवला.

मी त्याच्या ओट्यावर बसून ऐकत होतो. शिव्या मीच घातल्या. तेवढ्यात गल्लीतल्या प्रयागबाई आल्या. आठ दिवसांपासून नळाला गढूळ पाणी, नात जुलाबानं दवाखान्यात.

“भाऊ, पेपरात दे गा. कोनी आयकूनच नाही राहिलं.”

देवाजीनं वही काढली. नातीचं नाव, वय, कधीपासून, सगळं नीट उतरवून घेतलं.

“उद्या येईन ना गा बातमी?”

“येईन, काकू.”

हुडकेश्वरशी तो पहिल्यांदा खोटं बोलला.